‘करण्यात येईल’ : सरकारी गद्याची समीक्षा

आपल्या अनियतकालिकांत कवितेची समीक्षा येते, आत्मकथनांची येते. प्रस्थापितांच्या मासिकांत एकेका कादंबरीवर चाळीस-चाळीस पानं खर्ची पडतात. पण आपल्या वस्तीत घरोघरी पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेलं जे मराठी गद्य आहे त्याच्यावर कोणी दोन ओळी लिहीत नाही. दाखला, नोटीस, पोच, नक्कल, त्रुटीचं पत्र. आमच्या आईला अक्षर येत नाही, पण कुठला कागद कुठल्या घडीत आहे हे ती लाईट गेलेली असताना नुसता हात घालून सांगते. ज्या वाङ्मयावर आपलं कॉलेज, नोकरी, घरकुल, पेन्शन अडतं त्या वाङ्मयाला समीक्षक नाही, हे मला पटत नाही.

मी प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात कामाला आहे, कविता लिहितो, आणि हाताला लागेल ते वाचतो. गेलं वर्षभर मी कायदे, नियम आणि शासन निर्णय वाचतोय. कारण ‘प्रशासकीय सुधारणा’ हा शब्द रोज कानावर पडतोय. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम काढला. संकेतस्थळ नीट करा, कचेरी स्वच्छ ठेवा, तक्रारी निकाली काढा, साहेबांनी खाली गावात फिरा, असं त्यात होतं. १ मे ला निकाल लागला, कचेऱ्यांना मार्क पडले, पहिले नंबर जाहीर झाले. याची टिंगल मला करायची नाही. कचेरीत पिण्याचं पाणी आलं आणि बसायला बाकडं आलं तर ते माझ्याच आईला आलं. पण ज्यांची परीक्षा झाली त्यांची भाषा कोणी तपासली नाही. ती आपण तपासू. सुधारणावाल्यांचे दोन लाडके शब्द आहेत, उत्तरदायित्व आणि कार्यक्षमता. या दोन्ही शब्दांचा आपल्याशी जुना हिशेब आहे.

आधी एक वाक्य घेतो. हे वाक्य तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात आहे.

‘सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात येईल.’

व्याकरणात याला कुठला प्रयोग म्हणायचा त्यावर मास्तर लोकांनी भांडावं. मला एवढंच दिसतं की यात कर्ता नाही. कोण करणार? माहीत नाही. कधी? माहीत नाही. उचित म्हणजे काय आणि ते ठरवणार कोण? तेही माहीत नाही. हे वाक्य खोटं ठरूच शकत नाही, कारण ते कोणाच्या तोंडचंच नाही. आपल्या वस्तीत असं वाक्य जन्माला येत नाही. आपल्याकडं बाई म्हणते, ‘अमक्यानं माझ्या पोराचं डोकं फोडलं.’ कर्ता पहिला, मग बाकीचं. तेच वाक्य ठाण्यात जाऊन कागदावर उतरतं तेव्हा होतं, ‘किरकोळ कारणावरून बाचाबाची होऊन मारहाण झाली.’ मारहाण झाली. पाऊस झाला तशी. बाईच्या वाक्यातला अमक्या कुठं गेला? तो लिहिणाऱ्याच्या पेनात अडकला. ही शैली नाही दोस्तहो, हे संरक्षण आहे. आणि ते कोणाला मिळतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या गिरणीत उलटं आहे. कोनात दोष निघाला तर तो कुठल्या मशीनवरचा, कुठल्या पाळीतला, कोणाच्या हाताखालचा हे तासाभरात निघतं, आणि मुकादम येऊन उभा राहतो. ‘धागा तुटण्यात आला’ असं सांगून बघा त्याला. सूत तुटलं तर माणसाचं नाव लागतं, आणि माणूस तुटला तर नाव लागत नाही, असं हे राज्य आहे.

आमच्या घरातलंच एक पत्र सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीला जातीचा दाखला पाहिजे होता. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात हे तुम्हाला ठाऊक आहे. आमचा आजा शाळेची पायरी चढला नाही, त्यामुळं शाळेचा दाखला नाही. जमीन नाही, त्यामुळं उतारा नाही. राहिली ती कोतवाल बुकातली नोंद, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूचं जुनं बुक. ते बुक सरकारच्याच एका कचेरीत. तिथून लेखी आलं की अभिलेख जीर्ण झाल्यानं नक्कल देता येत नाही. दुसऱ्या कचेरीतून लेखी आलं की पुरावा जोडला नसल्यानं अर्ज निकाली काढण्यात आला आहे. ‘निकाली’ हा शब्द बघा. आमचा प्रश्न तसाच राहिला, त्यांच्या नोंदवहीतला आकडा मात्र कमी झाला. वरच्या तक्त्यात हेच प्रकरण ‘निपटारा’ या रकान्यात गेलं असणार, आणि अशा तक्त्यांवरच कार्यक्षमतेचे मार्क पडतात. पत्राखाली हुद्दा छापलेला होता, त्याच्यावर पेनानं एक वाटोळी रेघ, आणि शेजारी शब्द : ‘करिता’. म्हणजे सही करणारा तो साहेब नाही, साहेबाकरिता दुसरा कोणी आहे, आणि त्याचं नाव कुठंच नाही. वाक्यात कर्ता नव्हता, सहीतही नाही.

यावर कोणी म्हणेल की बिचारा कारकून काय करणार, नियमच तसा आहे. आहेच. जात पडताळणीचा २००० चा कायदा काढून बघा. आपण अमुक जातीचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर, असं त्यात सरळ कलम आहे. पुरावा सरकारच्या कपाटात, भार आपल्या डोक्यावर. आपल्याला गावाबाहेर ठेवताना, विहिरीवरून हाकलताना कोणी १९५० चा पुरावा मागितला नव्हता. खोटे दाखले घेणारे आपल्याच जागा खातात, म्हणून पडताळणी पाहिजे, हेही मी म्हणतो. पण सरकारी कपाटातलं बुक वाळवीनं खाल्लं तर त्याचं उत्तर कपाटवाल्यानं द्यायचं की माझ्या बहिणीनं, एवढंच मला विचारायचंय.

इथून मागं जावं लागतं. कारण उत्तरदायित्व ही गोष्ट या मुलखात नवीन नाही. ती फार जुनी आणि फार कडक होती, फक्त एका माणसापुरती. तो माणूस महार. सरकारी टपाल नेणं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळणं, सारा भरायला माणसं बोलावून आणणं, मेलेलं ढोर ओढणं, हद्दीचा दगड दाखवणं. तो सरकारचा नोकर होता, पण पगार सरकारचा नव्हता. थोडी वतनाची जमीन आणि बाकी गावकऱ्यांनी दिलं तर बलुतं. १८७४ च्या वतन कायद्यानं ही व्यवस्था इंग्रजानं कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबई कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. त्यांचं म्हणणं असं होतं की या माणसाच्या कामाला तास नाहीत, दिवसरात्र केव्हाही हाक येते, तो घरात नसला तर बापाला नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणाला धरून नेतात, आणि मोबदला द्यायचा की नाही हे रयतेच्या मर्जीवर. त्याला वेळ ठरवून द्या, काम ठरवून द्या, पगार द्या. राज्यकारभाराच्या सुधारणेचा यापेक्षा नेमका मसुदा माझ्या वाचनात नाही. निवड समितीत त्या बिलाचं काय केलं ते बघून बाबासाहेबांनी १९२९ मध्ये ते मागं घेतलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून.

माझा पणजा येसकर होता. म्हणजे आमच्या घरात सरकारी नोकरी पिढीजात आहे असं मी गमतीनं म्हणतो. त्याला सगळे जाब विचारू शकत होते : पाटील, कुलकर्णी, मामलेदार, गावातलं शेंबडं पोर. तो कोणालाच जाब विचारू शकत नव्हता. त्याची जबाबदारी वरपासून खालपर्यंत भरलेली आणि अधिकार शून्य. वतन गेलं, पण जाब खालीच घसरतो ही उतरंड गेली का?

वतनं गेल्यावर गावकामाला कोतवाल राहिला. त्याची मागणी कित्येक वर्षांची, चतुर्थ श्रेणीत घ्या. २०२५ मध्ये त्याला नाव मिळालं, ‘महसूल सेवक’. तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला, कोतवालाचा सेवक झाला. एक अधिकारी, एक सेवक. पदनाम कोश १९६२ साली आला तेव्हापासून नाव बदलणं हा या सरकारचा आवडता वाङ्मयप्रकार आहे.

आणि वतनाची जमीन? नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार सगळ्या पेपरांत गाजला. चौकशी समिती बसली. तहसीलदार आणि दुय्यम निबंधक निलंबित झाले. त्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण महार वतनाची एवढी जमीन एका तहसीलदाराच्या आणि एका निबंधकाच्या अंगावर थांबते, वर कुठंच चढत नाही, असं ज्याला वाटतं त्यानं माझ्या पणज्याची गोष्ट परत वाचावी.

आता सुधारणेचे कायदे घेऊ. मी ते कायदे म्हणून नाही, मजकूर म्हणून वाचतो.

पहिला २००५ चा, ज्याला आपण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो. बदल्यांचं नियमन आणि विलंबाला प्रतिबंध असा जोडकायदा आहे तो. त्यात लिहिलंय की कुठलीही नस्ती एका माणसाकडं सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, तातडीची असेल तर चार दिवस, अगदी तात्काळ असेल तर एक दिवस. वाचून छाती भरून येते. मग नजर जाते ‘सर्वसाधारणपणे’ या अर्थाच्या एका शब्दावर. सर्वसाधारणपणे सात दिवस. त्या एका शब्दातून आख्खी नस्ती निघून जाते. आपण नेहमीच असाधारण ठरतो, त्याला काय करणार.

दुसरा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. हा मला जास्त प्रामाणिक वाटतो. यात कर्ता आहे! ‘पदनिर्देशित अधिकारी’ म्हणून एका माणसावर बोट ठेवलंय. अर्ज दिला की पोच आणि नंबर मिळालाच पाहिजे. मुदतीत सेवा द्यायची, नाहीतर कारण लेखी द्यायचं आणि अपील कोणाकडं करायचं तेही सांगायचं. पहिलं अपील, दुसरं अपील, आणि तिसरं सेवा हक्क आयोगाकडं. दंड ५०० रुपयांपासून ५,००० रुपयांपर्यंत. ज्या राज्यात आमची आई खिडकीपुढं हात जोडून ‘भाऊसाहेब, बघा की जरा’ म्हणते, तिथं कागदावर ‘हक्क’ हा शब्द यावा ही लहान गोष्ट नाही.

तरी दोन ठिकाणी मी अडतो. पहिली दोन अपिलं त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडं आहेत. आज तो ज्याचं अपील ऐकतो त्याच्याचकडून उद्या त्याला काम करून घ्यायचंय. आयोगापर्यंत पोचेस्तोवर किती रोज बुडतात ते आमच्यासारख्या हजेरीवाल्यांना विचारा. दंड साहेबाला पाचशे, आणि माझा दोन खाड्यांत त्याहून जास्त जातो. मध्य प्रदेशनं २०१० साली देशात पहिल्यांदा असा कायदा केला तेव्हा दंडातून अर्जदाराला भरपाई द्यायची सोय तरी ठेवली होती.

दुसरी अडचण मोठी आहे. हा कायदा लागू होतो तो ‘अधिसूचित’ सेवांना. यादी काढून वाचा, बहुतेक दाखले, परवाने, नकला आणि नोंदी. उत्पन्न कमी असल्याचा दाखला ही सेवा आहे. उत्पन्न वाढणं ही सेवा नाही. ज्या गोष्टींचा कागद होतो तेवढ्याच गोष्टींची सरकार मुदत बांधून घेतं. स्मशानात जायला रस्ता नाही, वस्तीला पाणी नाही, शिष्यवृत्ती वर्ष उलटलं तरी खात्यावर नाही, याला ‘करण्यात येईल’ हेच उत्तर.

कार्यक्षमता हा दुसरा शब्द. हा तर थेट आपल्या विरुद्ध साक्ष द्यायला उभा केलेला साक्षीदार आहे. संविधानाचं ३३५ वं कलम बघा. सरकारी नोकरीत अनुसूचित जाती-जमातींचे हक्क विचारात घ्यायचे, पण प्रशासनाची कार्यक्षमता राखून. त्या अर्ध्या वाक्याचा सवर्णांनी पुढं हत्यार म्हणून असा वापर केला की कार्यक्षमता म्हणजे ते आणि अकार्यक्षमता म्हणजे आपण, हे गृहीतच धरलं गेलं. मार्कांत आणि निकषांत सूट देता यावी म्हणून २००० साली घटनादुरुस्ती करून त्या कलमाला जोड द्यावी लागली. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकच्या पदोन्नती प्रकरणात म्हटलं की समाजाच्या सगळ्या थरांना ज्यात जागा आहे तेच प्रशासन कार्यक्षम धरायचं. हे वाक्य आपल्या अभ्यासवर्गात लिहून घ्यावं असं आहे. पण बाजारातला अर्थ अजून तोच आहे. ६ सप्टेंबर २०२३ ला राज्यात नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला, त्याचं समर्थनही खर्च वाचेल आणि काम वेगानं होईल असंच होतं. पोरं रस्त्यावर आली म्हणून ऑक्टोबरात तो रद्द झाला. पण रद्द झाला तो कागद. नगरपालिकेत झाडू मारणारी आणि कचेरीत संगणकावर बसणारी पोरं कंत्राटाचीच राहिली. कंत्राटात आरक्षण कुठंय? आणि काम चुकलं की कोण जातं? कंत्राटी ऑपरेटर जातो. येसकर पाळी संगणकावर आली आहे, असं मी कवितेत लिहिलं असतं. इथं गद्यात लिहितो.

आता सगळ्यात महत्त्वाचा मजकूर. कर्ता असलेला, नाव घेऊन शिक्षा सांगणारा एक मजकूर या देशात आहे, आणि तो आपलाच आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याचं ४ थं कलम. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला जो लोकसेवक या कायद्याखालचं कर्तव्य जाणूनबुजून टाळेल त्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद. २०१६ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या दुरुस्तीनं ही कर्तव्यं मोजून सांगितली. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घ्यायची, आणि सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवायची. गुन्हा नोंदवायचा. प्रत ताबडतोब द्यायची. वाचून दाखवायची! मघाशी मी ज्या बाईचं वाक्य सांगितलं, जिचा कर्ता पेनात अडकला, तिच्यासाठीच हे कलम आहे. लिहिणाऱ्यानं ‘मारहाण झाली’ असं वाचलं की तिनं म्हणायचं, ‘झाली नाही दादा, त्यानं केली, नाव लिही.’ सेवा हक्कात पाचशे रुपये आहेत, इथं सहा महिने आहेत. उत्तरदायित्वावर भाषणं ठोकणाऱ्यांच्या तोंडी हे कलम मी अजून ऐकलेलं नाही.

पण याच कलमाला शेपूट आहे. लोकसेवकावरचा हा आरोप प्रशासकीय चौकशीच्या शिफारशीवर दाखल होईल. प्रशासनानं प्रशासनाची चौकशी करायची आणि मग शिफारस. कायद्याचा आख्खा जीव त्या एका परंतुकात गोळा झालाय. आणि २० मार्च २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा, ज्याच्या विरोधात आपण २ एप्रिलला रस्त्यावर होतो. ते प्रकरण महाराष्ट्रातलंच, गोपनीय अहवालातल्या शेऱ्यावरून सुरू झालेलं. वरच्यानं खालच्याबद्दल शेरा लिहायचा, खालच्यानं तक्रार केली तर वरच्यावर कारवाईला त्याच्या वरच्याची परवानगी. तो निकाल त्याच वर्षी १८-अ कलम घालून संसदेनं पुसला. तो पुसला गेला कारण माणसं रस्त्यावर आली, आणि काही जण परत घरी गेले नाहीत.

या कायद्याचे १९९५ चे नियम आहेत. नियम १६ सांगतो की राज्यात उच्चाधिकार दक्षता समिती असेल, अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री, बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. नियम १७ सांगतो की जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती, बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा. महिना ठरलेला, माणूस ठरलेला, कर्ता सगळ्यात वरचा. या बैठका नियमाप्रमाणं होत नाहीत ही आपल्या संघटनांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. शंभर दिवसांच्या सात कलमांत संकेतस्थळाला कलम होतं, गुंतवणुकीला होतं. नियम १६ ला नव्हतं. तिथं मार्क द्यायचे तर पेपर कोणाचा तपासावा लागला असता?

माझा एक मित्र आहे, चांगला कवी आहे, तो मला म्हणतो, तू अर्जनवीस झालास. व्यवस्था उलथायची सोडून तिची खिडकी पुसतोस. त्याला मी विचारतो, बाबासाहेब कौन्सिलात महाराच्या कामाचे तास मागत होते तेव्हा ते खिडकी पुसत होते का? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना लोक त्यांना म्हणत होते की कारभाराचे एवढे तपशील संविधानात कशाला. त्यांनी सांगितलं की संविधानाचा एक शब्द न बदलता, नुसता कारभाराचा साचा बदलून, आख्खं संविधान वाकडं करता येतं. आपण संविधान बचाव म्हणून मोर्चे काढतो. ते वाकडं होतं कुठं? तलाठ्याच्या टेबलावर, ठाणे अंमलदाराच्या डायरीत, ‘करिता’च्या सहीत. मित्राला कारभार क्षुद्र वाटतो. ज्यांचा कारभार चालतो त्यांना तो कधीच क्षुद्र वाटलेला नाही.

दुसरे मित्र स्पर्धा परीक्षावाले. ते म्हणतात, सगळं ऑनलाईन झालं की माणूस मधून निघून जातो, जात बघणारा डोळाच राहत नाही. थोडं खरं आहे. पोर्टल आडनाव ऐकून तोंड वाकडं करत नाही. पण पोर्टलवर ‘त्रुटी’ असा शेरा पडतो तो कोणीतरी टाकतोच ना? खिडकीमागं निदान तोंड दिसायचं. आता ‘करण्यात येईल’ला यंत्र मिळालं.

मग वाचायचं कसं? याची सगळ्यात मोठी समीक्षा कुठल्या विद्यापीठात झाली नाही, राजस्थानातल्या मजुरांनी केली. दुष्काळी कामाची मजुरी पुरी मिळेना म्हणून मजदूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी हजेरीपट मागितले. मागितले म्हणजे मिळाले असं नाही. जे हाताला लागले ते डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यात कोट किराणा इथं जनसुनवाईत, सगळ्या गावापुढं मोठ्यानं वाचले. नाव वाचायचं, आणि विचारायचं, हा माणूस कामावर होता का? पुढं १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं, मागणी एकच, कागदाची नक्कल द्या. तिथून माहिती अधिकाराची चळवळ वाढली. आपल्या राज्याचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. बघा, कायदा जन्माला आला तो हजेरीपटाच्या जाहीर वाचनातून. आपण कविता मोठ्यानं वाचतो तसंच.

आपल्याकडं विहार आहे, पौर्णिमेला माणसं जमतात, वाचणारी पोरं आहेत. महिन्याला एक सरकारी कागद मोठ्यानं वाचावा. एखाद्याचं त्रुटीचं पत्र, एखाद्याची फिर्याद, नगरपालिकेचं दलित वस्तीच्या निधीचं देयक. प्रत्येक वाक्याला विचारावं, यात कर्ता कोण? ज्या वाक्यात नाही त्याचा उलट अर्ज करावा. माहिती अधिकाराच्या कायद्यातच ४ थ्या कलमात आहे की ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणं सांगायची. आमच्या बहिणीच्या पत्राला आम्ही हेच कलम लावलंय : जीर्ण बुक शेवटचं कोणी, कोणत्या तारखेला तपासलं, आणि ‘करिता’ सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा काय.

एक काळजी घ्या. माहिती अधिकारात ‘का’ विचारलं की ते म्हणतात ही माहिती नाही, खुलासा आहे. म्हणून तारीख विचारा, नाव विचारा, इतिवृत्ताची प्रत मागा. २०१२ पासून आपल्या राज्याचा नियम आहे की अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत पाहिजे. मोठ्या वकिलांना तो जाचक वाटतो. आपण कवितेवाले, आपल्याला जमेल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही माफ. पुढच्या महिन्यात प्रत्येक तालुक्यातून एक तरी अर्ज जावा : जिल्हा दक्षता समितीच्या गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा, हजर सदस्यांची नावं, इतिवृत्तांच्या प्रती. मुंबईच्या पोरांनी तेच मुख्यमंत्र्यांच्या समितीबद्दल विचारावं, जानेवारी आणि जुलै, दोन्ही. उत्तरं या अंकाच्या पत्त्यावर पाठवा, जशीच्या तशी, ‘करण्यात येईल’सकट. पुढच्या अंकात छापू.